कुठे बसला होता?

प्रश्न थोडक्यात असा: आमची वस्ती तालुक्याच्या गावाबाहेर, राज्यमार्गाला लागून आहे. चौकात वाईन शॉप येतंय आणि शेजारच्या गाळ्यात परमिट रूमची तयारी सुरू आहे. वस्तीतल्या बायकांचा विरोध आहे. सभेत एक जाणते गृहस्थ म्हणाले, "दुकान जवळ आलं तर माणसं चालत जातील, पिऊन गाडी चालवणं कमी होईल. लांब हाकललंत तर उलट अपघात वाढतील." हे खरं आहे का? वस्तीजवळच्या दारूचा आणि अपघातांचा नेमका संबंध काय?

त्या गृहस्थांचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण तो खरा अर्धा भाग तुमच्या चौकाला लागू पडत नाही. का, ते सविस्तर सांगतो. सत्तावीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त महामार्गालगतच्या गावांत. त्यामुळे हा प्रश्न मला नकाशावर दिसायच्या आधी स्ट्रेचरवर दिसतो.

रात्री नऊनंतर जखमी आला आणि तोंडाला वास असला की मी एक प्रश्न हमखास विचारायचो, "कुठे बसला होता?" पोलिसांच्या कागदात या प्रश्नाला जागा नव्हती, माझ्या वहीत होती. उत्तरं ऐकता ऐकता एक गोष्ट मनात पक्की झाली. गावात दुकानं किती, यापेक्षा पिण्याची जागा आणि झोपण्याची जागा यांच्यामधला रस्ता कसला आहे, यावर बरंच काही ठरतं. तो रस्ता माणूस पायी कापतो, मोटारसायकलवर, की कुणाच्या तरी मागे बसून? त्यावर दिवे आहेत का? आणि तो महामार्ग ओलांडतो का?

दारूची उपलब्धता दोन बाजूंनी ओढते. दुकान हाताशी आलं की पिणं वाढतं. जो महिन्यातून दोनदा प्यायचा तो आठवड्यातून दोनदा पितो, आणि ज्याने सोडायचं ठरवलंय त्याला रोज त्याच दारावरून जावं लागतं. ही झाली एक ओढ. दुसरी अंतराची. दुकान लांब गेलं की पिणारा वाहन काढतो, आणि परत येताना तेच वाहन चालवतो. कुठली ओढ जोरात चालते ते दुकानाच्या प्रकारावर आणि रस्त्यावर अवलंबून असतं. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांतून उलटसुलट निष्कर्ष निघाल्यासारखे वाटतात. मला त्यात विरोध दिसत नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने १९९५ मध्ये रविवारी बाटलीबंद दारू विकायला परवानगी दिली. पुढच्या काही वर्षांचा हिशोब मॅकमिलन आणि लॅपहॅम या संशोधकांनी २००६ मध्ये मांडला. रविवारी दारूशी संबंधित अपघात २९ टक्क्यांनी आणि त्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. रस्ते तेच, माणसं तीच, वाढला तो विक्रीचा एक दिवस. पहिल्या ओढीचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. कॅलिफोर्नियात पॉल ग्रुनेवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिनकोडनिहाय नकाशे मांडून वर्षानुवर्षं हेच तपासलं. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट उचलली. शेजारच्या भागातली दुकानंही मोजावी लागतात, कारण माणूस एका ठिकाणी पितो, दुसऱ्या ठिकाणी धडकतो आणि राहतो तिसऱ्याच ठिकाणी.

आता तुमच्या गृहस्थांच्या बाजूचा पुरावा. केंटकी राज्यात काही काउंट्या, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे म्हणा, दारूबंदीच्या आहेत आणि काही खुल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले ३९ हजारांहून जास्त दारूशी संबंधित अपघात तपासले गेले. चालकाचं घर कुठल्या काउंटीत आहे हे पाहिल्यावर चित्र पालटलं. बंदीच्या भागात राहणाऱ्यांचा अशा अपघातांतला वाटा जास्त निघाला. प्यायला लांब जायचं आणि पिऊन लांबून परतायचं, याचा हा परिणाम. २००८ मध्ये अ‍ॅडम्स आणि कोटी या अर्थशास्त्रज्ञांनी याहून अनपेक्षित गोष्ट दाखवली. अमेरिकेत जिथे बारमध्ये सिगारेट ओढायला बंदी आली, तिथे दारूमुळे होणारे जीवघेणे अपघात सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. सिगारेट ओढता येईल असा बार गाठायला लोक शेजारच्या हद्दीत गाडी घेऊन जाऊ लागले होते. दारूची उपलब्धता तसूभरही बदलली नव्हती, बदललं होतं अंतर.

आपल्याकडे हे नाटक चंद्रपुरात घडलं. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होती. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूरचीही दुकानं बंद झाली. बंदी मागणाऱ्या बायकांनी जे सोसलं होतं ते मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे त्या मागणीला मी कधीही खोटं म्हणणार नाही. पण वर्धा नदीच्या पुलापलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं वणी खुलं होतं. घुग्घूसचा माणूस जो आधी चौकात जायचा तो आता पूल ओलांडायला लागला. तिथल्या सहकारी डॉक्टरांना रात्री परतणारी दुचाकी हा नवा प्रकार वाटू लागला होता. जे जात नव्हते त्यांच्यासाठी दारू गाड्यांतून आत येत होती, आणि त्या गाड्या कशा धावत असतील याची कल्पना करा. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड भागात तस्करांची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाला त्या गाडीने चिरडलं. २०२१ मध्ये बंदी उठली. माझं मत विचाराल तर बंदीचा हेतू बरोबर होता, पण चहूबाजूंना खुली हद्द ठेवून एकाच जिल्ह्यात बंदी करणं म्हणजे पिणाऱ्याला रस्त्यावर पाठवणं होतं.

म्हणजे गृहस्थ बरोबर? थांबा, तुमचा चौक पाहू.

त्यांचा मुद्दा खरा ठरायला तीन गोष्टी लागतात. गिऱ्हाईक वस्तीतलंच हवं, ते चालत जाणारं हवं आणि चालायची वाट सुरक्षित हवी. राज्यमार्गावरच्या चौकातलं वाईन शॉप वस्तीच्या भरवशावर भाडं भरत नाही. त्याचं गिऱ्हाईक येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांत असतं. गाडी कडेला लागते, क्वार्टर आणि पाण्याची बाटली घेतली जाते, आणि पुढच्या किलोमीटरभरात कुठल्यातरी बाभळीखाली ती संपते. अशा दुकानामुळे तुमच्या वस्तीतली चार माणसं चालत जाऊन पितीलही, पण चाळीस माणसं पिऊन तुमच्या वस्तीसमोरून गाडी चालवतील.

शिवाय चालत जाणाराही सुटत नाही, हे आम्ही अपघात विभागातले लोक जाणतो. महामार्गापलीकडच्या देशीच्या दुकानातून अंधारात रस्ता ओलांडणारा माणूस येणाऱ्या ट्रकचा वेग ओळखू शकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या अभ्यासांत बारची दाटी जास्त असलेल्या भागांत, प्यायलेल्या अवस्थेत गाडीखाली सापडणारे पादचारी जास्त निघाले. आपल्या कागदात असा माणूस फक्त 'पादचारी' म्हणून नोंदवला जातो, त्याच्या दारूचा आणि दुकानाचा उल्लेखही नसतो. माझ्या एका गावात दुकान आणि वाडी यांच्यामध्ये चौपदरी रस्ता होता. एका पावसाळ्यात त्याच दुभाजकाजवळून तीन माणसं आमच्याकडे आली. तिघेही पायी होते आणि तिघांचंही घर रस्त्यापलीकडे दोनशे पावलांवर होतं.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला दिलेला निकाल मला आजही महत्त्वाचा वाटतो. तामिळनाडू सरकार विरुद्ध के. बालू या प्रकरणात न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. दुकान महामार्गावरून दिसता कामा नये, त्याची पाटी किंवा जाहिरात नको, महामार्गावरून थेट वाट नको, असंही सांगितलं. मला यातला 'दिसता कामा नये' हा भाग मीटरपेक्षा मोलाचा वाटतो. लांब पल्ल्याचा चालक दारू प्यायची ठरवून निघत नाही, पाटी दिसली की त्याचा पाय ब्रेकवर जातो.

पुढे या निकालाची धार बोथट होत गेली. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटर झालं. ११ जुलै २०१७ ला चंदीगडच्या प्रकरणात नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना हा निकाल लागू नाही असं स्पष्ट झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हद्दींबद्दल ठरवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. काही ठिकाणी महामार्गांचं वर्गीकरणच बदललं गेलं, चंदीगडने तर मार्च २०१७ मध्येच ते केलं होतं. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने दारापुढे वळणावळणाच्या भिंती उभारून चालायचं अंतर वाढवलं. माणूस चाललेले मीटर वाढले, पण परतीचा रस्ता तोच राहिला. आणि जी दुकानं खरोखर हलली त्यातली कितीतरी आतल्या वस्त्यांत शिरली. २०१७ च्या उन्हाळ्यात देशभर बायका रस्त्यावर आल्या त्या यामुळे. तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच: तुमचा चौक ग्रामपंचायत हद्दीत येतो की नगरपरिषदेच्या? त्यावर कुठला नियम लागू पडतो ते ठरेल.

दुकानाच्या प्रकाराबद्दल थोडं, कारण विरोध करताना लोक सगळ्यांना एकच मानतात. परमिट रूम, म्हणजे एफएल-३ प्रकारचा परवाना, इथे बसून प्यायचं असतं. तिथून उठणारा माणूस पिऊनच उठतो आणि त्याला घरी जायचंच असतं. दाराबाहेर दुचाकींची रांग असेल तर धोका तुमच्या डोळ्यांसमोर उभा आहे. देशातल्या रस्ते अपघातांत २०२२ साली मेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, हे लक्षात ठेवून ती रांग बघा. वाईन शॉप, एफएल-२, इथून दारू घेऊन जायची असते. कागदावर ती घरी जाते, आणि घरी बसून प्यायली तर रस्त्याला धोका कमी, घराला जास्त. पण शॉपसमोर अंडाभुर्जीची गाडी, चकण्याचं दुकान आणि मागे मोकळं मैदान असेल तर ते शॉप नावापुरतं, प्रत्यक्षात उघडा बारच. देशीच्या दुकानाचं गिऱ्हाईक बहुधा पायी असतं, त्याला धोका रस्ता ओलांडताना. तुमच्या चौकात एफएल-२ आणि एफएल-३ शेजारी शेजारी येताहेत. मला हीच जोडी सगळ्यात जास्त खटकते.

वेळेचाही भाग आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात मद्यधुंद चालक सापडला की पोलीस त्याने शेवटची कुठे घेतली ते नोंदवून ठेवतात. त्या नोंदींवरून जादा वेळ उघडे राहणारे बार आणि तिथून निघालेल्या चालकांचे अपघात यांचा संबंध पुढे आला. आपल्याकडे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला आलिशान गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. चालवणारा अल्पवयीन होता, तरी सगळ्यांनी पहिला प्रश्न 'तो कुठे बसला होता' हाच विचारला आणि त्यानंतर पबवर कारवाया झाल्या. महाराष्ट्रात विदेशी दारूसाठी वयाची अट २५ आहे. हा प्रश्न प्रत्येक अपघातात विचारला गेला असता तर कुठल्या दारातून माणसं रस्त्यावर मरायला निघतात ते आज कागदावर दिसलं असतं.

आणि इथेच आपल्या आकड्यांची अडचण येते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात त्यातल्या ७१ टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग आहे, आणि दारू किंवा अमली पदार्थ जेमतेम अडीच टक्के. सभेत कुणीतरी हा अडीच टक्क्यांचा आकडा काढेल, म्हणून तो कसा तयार होतो ते सांगतो. फिर्यादीत ठरलेलं वाक्य असतं: भरधाव वेगाने, हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून. कारणांचा रकाना एकच, त्यात वेग लिहिला की दारूला जागा उरत नाही. जखमी आधी खासगी दवाखान्यात जातो, तिथून मोठ्या शहरात, आणि रक्त घ्यायची वेळ निघून जाते. जो जागीच मेला त्याच्या नमुन्याचा अहवाल महिन्यांनी येतो, तोवर आकडेवारी पुढे गेलेली असते. नातेवाईक हात जोडून सांगतात, "डॉक्टर, वासाचं लिहू नका, विम्याचे पैसे मिळणार नाहीत." एका विधवेने असं विनवलं होतं, ते मी आजही विसरलेलो नाही. मी लिहिलं. लिहायला हवं होतंच, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

 

आता क्वार्टरचा हिशोब, कारण 'एक क्वार्टरने काय होतंय' हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. १८० मिली, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. साठ किलोच्या माणसाने ती तास-दीड तासात संपवली तर रक्तात दर १०० मिलीला साधारण १३० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० आहे. शरीर तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं, आणि लिंबूपाणी, चहा, थंड पाण्याची आंघोळ यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री अकराला उठलेला माणूस सकाळी सहालाही मर्यादेच्या काठावर असतो, आणि पहिल्या पाळीला मोटारसायकल काढतो. सकाळची ही धडक कुणी दारूच्या खात्यात धरत नाही.

तर तुम्ही काय करावं? 'दारू वाईट' एवढ्या मुद्द्यावर लढू नका. त्यावर समोरचा 'ज्याला प्यायची तो पिणारच' म्हणतो आणि सभा संपते. रस्त्यावर लढा. पोलीस ठाण्याकडून माहितीच्या अधिकारात गेल्या पाच वर्षांतले तुमच्या चौकापासून दोन्ही बाजूंनी दोन किलोमीटरचे अपघात मागा: तारीख, वेळ, वाहन, मृत की जखमी. पोलीस आता अपघाताची जागा आयरॅड प्रणालीत मोबाइलवरून नोंदवतात, त्यामुळे जागा नेमकी मिळू शकते. सायंकाळी सात ते मध्यरात्रीचे अपघात वेगळे काढा. हे दुकान यायच्या आधीचं चित्र झालं, आणि ते हातात असणं फार गरजेचं आहे. दुकान आल्यावर अपघात वाढले हे नंतर सिद्ध करायला त्याचाच आधार लागेल.

मग परवान्याचा प्रकार आणि इतिहास विचारा. राज्यात वाईन शॉपचे नवे परवाने कित्येक दशकं जवळजवळ बंदच आहेत, त्यामुळे 'नवीन' दुकान बहुधा दुसरीकडून स्थलांतर होऊन येतं. ते आधी कुठे होतं आणि तिथून का उठलं, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या फाईलमध्ये असतं. स्थलांतराची मंजुरी व्हायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या, आणि हरकतीला नकाशा जोडा: महामार्गाच्या कडेपासून अंतर, शाळा, एसटीचा थांबा, रस्ता ओलांडायची जागा, दिवे नसलेला पट्टा. गाळा सोसायटीच्या इमारतीत असेल तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असं सरकारने २०२५ मध्ये विधिमंडळात जाहीर केलं आहे, तेही विचारून घ्या. दुकान सुरू झालंच तर बायकांच्या हाती आडव्या बाटलीचं मतदान आहे (आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा). २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करता येते, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीवर पडावी लागतात. झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत, म्हणून घराघरातून बाई मतदानाला बाहेर काढावी लागते.

मंजुरी टळलीच नाही तर पुढचं मागणं नाकाबंदीचं. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून रात्रीच्या तपासण्या नेटाने केल्या, त्या शहरात 'ड्रायव्हर घेऊ' हे वाक्य तेव्हापासून ऐकू येऊ लागलं. न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ मध्ये वाटेल त्या गाडीला थांबवून श्वास तपासायला सुरुवात झाली आणि रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने घटले. पण बॅरिकेड कुठे लावायचे ते तुम्ही पोलिसांना सांगा. बाजारपेठेच्या मोठ्या चौकात लावले तर अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळतं आणि लोक गल्लीने जातात. परमिट रूम आणि पहिली लोकवस्ती यांच्यामधल्या पट्ट्यावर, बंद व्हायच्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून तासभर. आठवड्यातून दोनच दिवस, पण वार आधी कळता कामा नये.

शेवटचं काम तुमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटण्याचं आहे. अपघाताच्या रजिस्टरमध्ये एक रकाना हाताने आखायला सांगा: शेवटची कुठे घेतली. परवानगी लागत नाही, पट्टी आणि पेन लागतं. सहा महिन्यांनी त्या रकान्यात एकाच दाराचं नाव पुन्हा पुन्हा आलं तर ती पानं घेऊन जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीला जा. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिथे एकाच टेबलाशी बसलेले असतात.